खासगी कंपनीतून केंद्र सरकारच्या सेवेत जाताना: शास्त्रज्ञांसाठी काही सूचना

औद्योगिक प्रयोगशाळेत दहा-बारा वर्षे काढलेल्या शास्त्रज्ञाला केंद्र सरकारच्या वैज्ञानिक विभागात जायचे असेल, तर त्याने स्वतःची पात्रता तपासण्याआधी जाहिरातीत भरतीची पद्धत कोणती दिली आहे ते पाहावे. वरिष्ठ पदांच्या बऱ्याच जागा प्रतिनियुक्तीने, म्हणजे दुसऱ्या संस्थेतील कर्मचारी ठरावीक काळासाठी घेऊन, भरल्या जातात आणि त्या मुख्यतः सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, विद्यापीठे यांतील कर्मचाऱ्यांसाठी असतात; खासगी कंपनीतील उमेदवाराने तेथे अर्ज करून काही साधत नाही. त्याच्यासाठी उरतात थेट भरती आणि कंत्राटी नियुक्ती. संघ लोकसेवा आयोग, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे भरती केंद्र आणि सीएसआयआर या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा यांच्या जाहिरातींवर त्यामुळे सतत लक्ष असावे. संयुक्त सचिवपदासाठी २०१८ मध्ये खुली झालेली ‘लॅटरल एन्ट्री’, म्हणजे सेवेबाहेरच्या व्यक्तीची थेट वरिष्ठ पदावर नेमणूक, मुदतबंद कंत्राटाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेली ४५ पदांची जाहिरात तर काही दिवसांतच मागे घेतली गेली. म्हणून लॅटरल एन्ट्रीवर भिस्त ठेवू नये.

अर्ज सर्वाधिक अडतात ते अनुभवाच्या दाखल्यावर. कंपनीच्या कार्यमुक्तीपत्रात सहसा पदनाम आणि तारखा एवढेच असते, तर छाननी करणाऱ्याला उमेदवाराने नेमके कोणते काम केले हे कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीनिशी हवे असते. ‘सीनियर मॅनेजर, आर अँड डी’ या पदनामावरून तो माणूस प्रयोग करत होता की केवळ विक्रेत्यांशी बोलणी करत होता, हे कळत नाही. म्हणून जाहिरातीतील कामाच्या वर्णनाशी ताडून पाहता येईल असा दाखला नोकरी सोडण्यापूर्वीच, मनुष्यबळ विभागाशी संबंध गोड असताना, मागून घ्यावा.

वेतनाचा हिशोब कठोरपणे मांडावा. सातव्या वेतन आयोगानुसार सायंटिस्ट ‘बी’ या सुरुवातीच्या श्रेणीचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून आणि सायंटिस्ट ‘ई’ या वरिष्ठ श्रेणीचे १,२३,१०० रुपयांपासून सुरू होते. सार्वजनिक उपक्रमातून येणाऱ्या उमेदवाराला लागू होणारे वेतनसंरक्षण (आधीचे वेतन कमी होऊ न देण्याची सोय) खासगी क्षेत्रातून येणाऱ्याला सहसा मिळत नाही. त्यामुळे वेतननिश्चितीबाबत जे काही विचारायचे असेल ते नियुक्ती स्वीकारण्याआधी आणि लेखी विचारावे.

जुन्या कंपनीचे शेअर किंवा ईसॉप्स (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर घेण्यासाठी दिलेला हक्क) हा नाजूक भाग आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ शेअरची वारंवार खरेदी-विक्री करण्यास मनाई करतात. परंतु माझ्या मते खरा धोका सट्टेबाजीत नसून समोर येणाऱ्या फाइलमध्ये असतो. ज्या प्रकरणात जुन्या मालकाचा संबंध आहे, त्यातून बाजूला होत असल्याचे वरिष्ठांना लेखी कळवावे. तोंडी सांगितलेले कोणाच्याही ध्यानात राहत नाही. गोपनीयतेच्या कराराची प्रतही जवळ ठेवावी, कारण तो करार नोकरीबरोबर संपतोच असे नाही.

रुजू झाल्यावर सर्वांत जड जाते ते टिपणी, म्हणजे फाइलवरचा प्रस्ताव किंवा अभिप्राय, लिहिणे. कंपनीत प्रमुखाच्या केबिनमध्ये पाच मिनिटांत मिटणारी गोष्ट येथे फाइलवर येते, वित्त शाखेकडे जाते आणि शंका घेऊन परत येते. पदार्थातील घटक ओळखणारा व मोजणारा एखादा मास स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा असेल, तर ‘हे मॉडेल सर्वोत्तम आहे’ असे लिहून भागत नाही. कोणता पदार्थ किती सूक्ष्म प्रमाणात मोजायचा आहे, सध्याच्या उपकरणाने ते का जमत नाही आणि अनेक उत्पादकांना बोली लावता येईल असे तांत्रिक निकष कोणते, हे ज्याला रसायनशास्त्र येत नाही अशा अधिकाऱ्याला पटेल असे मांडावे लागते. एकाच उत्पादकाकडून घेणे अपरिहार्य असेल, तर सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे तसे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यावर सही आपली असते.

ई-ऑफिस या सरकारी फाइलींच्या संगणक प्रणालीमध्ये पिवळी टिपणी हा कच्चा मसुदा असतो, तो बदलता येतो. हिरवी टिपणी पुढे गेली की बदलता येत नाही. शिवाय माहिती अधिकार कायदा, २००५ अन्वये ती नागरिकाला मागता येते. म्हणून पहिले काही महिने प्रत्येक टिपणी आधी पिवळी लिहावी, विभागातील जुन्या कक्ष अधिकाऱ्याला दाखवावी आणि मगच हिरवी करावी.