इमॅक्युलेट ग्रिड: नऊ चौकोन, नऊच संधी

बेसबॉलच्या या रोजच्या कोड्यात ३ × ३ चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात आडव्या आणि उभ्या, दोन्ही अटींत (संघ, पुरस्कार वगैरे) बसणारा खेळाडू हवा. उत्तर चुकलं तरी संधी जाते, म्हणून सर्वांत अवघड चौकोन आधी हेरा आणि त्याला चालणारा खेळाडू राखून ठेवा. एक नाव एकदाच वापरता येतं.

घात होतो तो पुरस्कारांच्या चौकोनात. हंगामी पुरस्कार त्याच संघात असताना मिळालेला लागतो. सी. सी. सबाथियाने साय यंग (सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, पुरस्कार) २००७ मध्ये क्लीव्हलँड संघाकडून जिंकला, न्यू यॉर्क यांकीज संघाकडून तो २००९ पासून खेळला. त्यामुळे 'यांकीज × साय यंग'ला तो चालत नाही. 'यांकीज × हॉल ऑफ फेम'ला (कारकिर्दीनंतर मिळणारा थोर खेळाडूंच्या यादीतला मान) मात्र चालतो, कारण तिथे त्या संघाकडून एक सामनाही पुरतो.

दोन संघांच्या चौकोनात अडलात तर १४ संघांतून खेळलेला एडविन जॅक्सन आहेच. पण तो सगळ्यांनाच आठवतो! दुर्मिळतेचा गुणांक म्हणजे नऊही चौकोनांत तुमचंच उत्तर देणाऱ्यांच्या टक्केवारीची बेरीज. कमी तितका चांगला. रिकाम्या चौकोनाचे थेट १०० धरतात, तेव्हा दुर्मिळ नावाच्या हट्टापायी चौकोन घालवू नका. माँट्रिअल एक्स्पोज हाच संघ पुढे वॉशिंग्टन नॅशनल्स झाला, म्हणून त्याचे खेळाडू नॅशनल्समध्ये मोजतात, हा साठा बरेचजण विसरतात.

मित्रांच्या गटात आधी फक्त रंगीत चौकोन (नावांशिवायचा निकाल) टाका. नावं रात्री, सगळ्यांचं खेळून झाल्यावर.