प्रत्यारोपणानंतर कामावर परतताना या चुका टाळा

बहिणीनं भावाला किडनी दिली, ऑपरेशन नीट झालं, की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "मग कामावर कधीपासून?" अवयव कोणता, तुम्ही देणारे की घेणारे, काम बसून करायचं की अंगमेहनतीचं, यावर उत्तर बदलतं. दुर्बिणीतून किडनी दिलेली व्यक्ती बैठ्या कामावर साधारण ३ ते ४ आठवड्यांत परतते, ओझी उचलायची असतील तर ६ ते ८ आठवडे लागतात. यकृताचा भाग देणाऱ्याचा छेद मोठा असतो, त्याला ६ ते १२ आठवडे धरावेत. किडनी मिळालेल्याला दोन-तीन महिने, यकृत मिळालेल्याला बहुधा त्याहून जास्त. हे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तिसऱ्या आठवड्यात रुजू झाला, म्हणून आपणही व्हायचं, ही पहिली चूक.

टाके सुटले म्हणजे सगळं भरलं असं समजणं

कातडी दोन आठवड्यांत जुळते. तिच्याखालच्या स्नायूंच्या आवरणाला पुरेशी ताकद यायला कित्येक आठवडे जातात, आणि जोर नेमका त्याच्यावर येतो. म्हणून पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंहून जास्त वजन उचलू नका असं सांगतात. माणसं सिलिंडर उचलत नाहीत, तेवढी अक्कल सगळ्यांना असते. पण लॅपटॉप, चार्जर, डबा, पाण्याची बाटली भरलेली बॅग खांद्याला लावतात आणि ती वजनात धरतच नाहीत. लहान मूल कडेवर घेणंही त्यातच आलं. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता झाली आणि कुंथावं लागलं, तरी ताण तिथेच पडतो. उभं राहिल्यावर किंवा खोकताना जखमेपाशी फुगवटा दिसतो आणि आडवं झालं की जातो, असं असेल तर हर्नियाची शक्यता असते. सर्जनला दाखवा.

थकव्याचंही तसंच. सकाळी बरं वाटतं, दुपारी दोनला माणूस खुर्चीत विरघळतो. शक्य असेल तर सोमवारी रुजू होऊ नका. बुधवारी किंवा गुरुवारी व्हा, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते. पहिले काही दिवस अर्धा वेळ मिळाला तर कमीपणा मानू नका.

दात्याला "तुला काय झालंय?" म्हणणं

दाता आजारी नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. घरातली सगळी धावपळ घेणाऱ्याभोवती. अशा वेळी दात्याला उदास वाटणं नवलाचं नाही आणि ते बोलून दाखवणं म्हणजे केलेल्या दानाचा पश्चात्ताप नव्हे. मन महिनाभर वर येतच नसेल, तर प्रत्यारोपणाच्या टीमला स्पष्ट सांगा.

किडनी दिल्यावर क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा) आधीपेक्षा थोडं वर राहतं, कारण काम आता एकच किडनी करते. पुढे कधी ऑफिसच्या आरोग्य तपासणीत तो आकडा लाल रंगात छापून येतो आणि घाबरगुंडी उडते. तो आकडा दानानंतरच्या तुमच्याच जुन्या रिपोर्टांशी ताडून पाहा. म्हणूनच ते जपून ठेवायचे. तो सतत चढत असेल, लघवीत प्रोटीन जात असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर मात्र किडनीतज्ज्ञ गाठा. आणि पाठ दुखते म्हणून सहकाऱ्याच्या ड्रॉवरमधली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका. हे देणाऱ्याला लागू आहे, घेणाऱ्याला तर आहेच.

गोळ्या कामाच्या वेळापत्रकात कोंबणं

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून घेणाऱ्याला टॅक्रोलिमस देतात; तिच्या रोज दोनदा घ्यायच्या गोळीत बारा तासांचं अंतर असतं. तिची रक्तातली पातळी मोजायची ती पुढचा डोस घेण्याआधी. ऑफिसला जाता जाता रक्त देऊ म्हणून माणूस निघतो, सवयीनं गोळी घेतो आणि मग सुई टोचून घेतो. पातळी खोटीच जास्त दिसते. डॉक्टरांनी त्यावर विसंबून डोस कमी केला, तर रिजेक्शनला, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारण्याला, वाट मिळते. तपासणीच्या दिवशी गोळी सोबत न्या, रक्त दिल्यावर घ्या. चुकून आधी घेतलीच, तर लपवू नका. नमुना घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना सांगा.

गोळी विसरली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. रात्रपाळी लागली, तर वेळ आपल्या मनानं सरकवायची नाही. दुकानात नेहमीची कंपनी नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची गोळी परस्पर घ्यायची नाही. अडीअडचणीला एक डोस बॅगेत असावा, उन्हात तापणाऱ्या गाडीत नको. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल दिलं, तर टॅक्रोलिमस वाढतं. क्षयावरच्या रिफॅम्पिसिननं ते खाली येतं. म्हणून कोणत्याही डॉक्टरांना आधी आपल्या गोळ्यांची यादी दाखवा. टाइप करताना हात थरथरतात? टॅक्रोलिमसनं तसं होऊ शकतं. तक्रार नोंदवा, डोस स्वतः घटवू नका.

ताप दाबून ऑफिस गाठणं

प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर पॅरासिटामॉल घेऊन मीटिंगला बसू नका, टीमला फोन करा. लहान मुलं, जनावरं, माती किंवा रुग्ण यांच्याशी रोजचा संबंध येणारं काम असेल, तर परतण्याआधी स्वतंत्र बोलणी करावीत. उघड्यावर काम करणाऱ्यांनी अंग झाकावं, सनस्क्रीन लावावं; रिजेक्शन टाळणाऱ्या औषधांनी त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

"हलकं काम द्यावे" एवढंच पत्र आणणं

हलकं म्हणजे काय, हे प्रत्येक साहेब आपापल्या परीनं ठरवतो. पत्रात किती किलो, किती तास, किती दिवस हे लिहून घ्या. आजाराचा तपशील सहकाऱ्यांना सांगायचा की नाही, हे तुमच्या मनावर. मात्र सुरुवातीला रक्ततपासण्या वारंवार असतात, आणि किडनी घेणाऱ्याला मूत्रवाहिनीत स्टेंट (बारीक नळी) घातला असेल, तर तो काही आठवड्यांनी काढावा लागतो. त्या रजा आधीच मागून ठेवा. गाडी स्वतः चालवत जाणार असाल, तर गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद झालेल्या असाव्यात आणि न कळवळता जोरात ब्रेक दाबता यायला हवा. तोवर कुणाला तरी सोडायला सांगा.