वर्दी उतरवून विमानदेखभाल शिकवताना या चुका टाळा

हवाई दलात वीस वर्षे लढाऊ विमानांवर काम केलेला तंत्रज्ञ डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत शिकवायला उभा राहतो, तेव्हा अनुभव हीच त्याची शिदोरी असते, आणि सुरुवातीच्या चुकाही बहुधा त्या अनुभवापोटीच होतात.

त्यांतली सर्वांत गंभीर चूक म्हणजे आकडे तोंडपाठ सांगणे. माझ्या पहिल्याच सत्रात एका मुलाने चाकाच्या नटाचा टॉर्क, म्हणजे तो किती पिळाने आवळायचा हे, विचारला आणि मी मॅन्युअल न उघडता आकडा सांगून टाकला. तो मी वर्षानुवर्षे हाताळलेल्या विमानाचा होता, समोर उभ्या असलेल्या विमानाचा नव्हता. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच उड्डाणात निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सुदैवाने ते वाचले. काचेच्या 90 बोल्टांपैकी 84 कमी व्यासाचे, तर उरलेले सहा आखूड होते, कारण एका अनुभवी पाळीप्रमुखाने सुट्या भागांची यादी न पाहता ते नजरेने जुळवून घेतले होते. म्हणून उत्तर ठाऊक असले तरी वर्गासमोर मॅन्युअल उघडावे आणि त्याची आवृत्तीही तपासून दाखवावी.

दुसरी चूक आपल्या हाताला कळलेले सांगायचे राहून जाण्याची आहे. प्रयोगशाळेत टॉर्क रेंच बरोबर असूनही बोल्ट जास्त आवळला जात असेल, तर आधी अडॅप्टर, म्हणजे रेंचच्या टोकाला लावलेला जोडतुकडा, पाहावा; सरळ लावला तर तो रेंचची लांबी वाढवतो. दहा इंच प्रभावी लांबीच्या रेंचला अडीच इंचांचा अडॅप्टर सरळ रेषेत लावला असता, बोल्टवर 250 इंच-पाउंड हवे असतील तर रेंच 200 वर लावावा लागतो. तोच अडॅप्टर काटकोनात बसवला तर आकडा बदलावा लागत नाही. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे आणि रेंचची लांबी पट्टीने मोजून घ्यावी. लॉकवायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, उलटी बांधली गेली, तर मुलाच्या हातातली पक्कड काढून घेऊ नये. बोल्ट सैल होऊ लागला तर तार ताणली जाईल की ढिली पडेल, एवढेच विचारावे. तो स्वतःच तार कापून पुन्हा बांधतो.

कागदपत्रांचे मात्र थोडक्यात सांगतो. हवाई दलातल्या फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभाल नोंदवहीवर, सह्या केल्याची सवय उपयोगी असली, तरी नागरी विमान सेवेत सोडण्याच्या प्रमाणपत्राचे नियम वेगळे आहेत आणि ते सीएआर-145 या देखभाल संस्थांसाठीच्या डीजीसीएच्या नियमावलीतूनच शिकवावेत.

शिस्तीच्या भरात वर्ग गप्प करणे ही चूक लवकर दिसत नाही. गॉर्डन ड्युपाँट यांनी 1993 मध्ये कॅनडात मांडलेल्या मानवी चुकांच्या बारा कारणांत ठामपणाचा अभाव आहे, आणि वर्गातल्या भीतीपोटीच्या ‘येस सर’मध्ये मला तोच दिसतो. ‘कळलं का?’ याऐवजी ‘काय कळलं ते सांग’ असे म्हणावे. हल्ली मी सरावाच्या ट्रेमध्ये एक बोल्ट मुद्दाम चुकीच्या क्रमांकाचा ठेवतो. मागच्या तुकडीतल्या एका मुलीने हातातले काम थांबवून, “सर, हा नंबर यादीत नाही,” असे सांगितले. त्या शोधाशोधीत तिची वेळ संपली आणि पॅनल अर्धेच राहिले, तरी मी तिला पूर्ण गुण दिले.