देवी की सम्राज्ञी? रोमन प्रांतिक नाणी ओळखताना या चुका टाळा

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या शहरांनी पाडलेलं काशाचं नाणं हाती आलं की बहुतेक जण आधी चेहरा बघतात आणि तिथेच फसतात. चेहरा शेवटी बघा. आधी मागची बाजू वाचा. शहराचं नाव बहुधा तिथेच असतं.

सगळ्यात मोठा घोळ मुकुटाचा. डोक्यावर तटबुरुजांचा मुकुट म्हणजे नगरदेवता तिकी, असं नवशिके धरून चालतात. पण मातृदेवता सिबेलीही तोच मुकुट घालते. जवळ सिंह किंवा हातात डफ दिसला तर ती सिबेली. सुकाणू आणि समृद्धीचं शिंग असेल तर तिकी. नुसता चेहराच कोरलेला असेल तर मात्र अक्षरांनाच शरण जावं लागतं. पर्गामन शहराच्या एका छोट्या नाण्यावर असाच मुकुट घातलेली स्त्री आहे. ती तिकीही नाही, सिबेलीही नाही. भोवतीची अक्षरं तिला देवी रोमा म्हणतात. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा कोवळा चेहरा कुणालाही राणीचा वाटेल, पण ती मानवी रूपातली रोमची सिनेट आहे. मला हे नाणं फार आवडतं.

अक्षरं ग्रीक असतात. इंग्रजी ‘सी’सारखं दिसणारं अक्षर ‘स’ असतं, ‘पी’सारखं दिसणारं ‘र’. सिंगारा शहराच्या नाण्यांवर सम्राट तिसरा गॉर्डियन आणि त्याची पत्नी समोरासमोर आहेत. तिच्या नावाची पहिली तीन अक्षरं इंग्रजी सवयीने ‘कॅब’ वाचली जातात. ती आहेत ‘साब’. तेवढ्यावरून सम्राट हेड्रियनची पत्नी सबीना ठरवून मोकळे होऊ नका. ही साबिनिया ट्रान्क्विलिना, म्हणजे शंभरेक वर्षांनंतरची. रोमच्या टांकसाळीतली तिची नाणी दुर्मिळ, प्रांतांतली मात्र भरपूर.

फॉस्टिना नावाच्या दोन सम्राज्ञी आहेत, आई आणि लेक; त्यांच्यासाठी केशरचना बघा: आईचा अंबाडा डोक्यावर, लेकीचा मानेवर. ‘ज्युलिया’ एवढंच वाचून थांबू नका. डोम्ना, मेसा, सोएमिआस, मामेआ, राजघराण्यातल्या या चौघीही ज्युलियाच.

नाण्याच्या मधोमध छोटा खळगा असेल तर ते नुकसान समजू नका. चकती तयार करतानाची ती खूण आहे, अनेक अस्सल नाण्यांवर ती सापडते.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका! देवघरातल्या तांब्याला ते चालतं. इथे शतकानुशतकांचा थर जातो आणि त्याबरोबर बारीक अक्षरंही जातात. फिकट हिरवी, सुटी भुकटी दिसली तर तो काशाला लागलेला क्लोराइडचा रोग. दमटपणात तो वाढतो, म्हणून ते नाणं लगेच वेगळं काढून कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.