बातमी लिहिताना या चुका टाळा : सोलापुरातल्या नव्या बातमीदारांसाठी

बातमीतली व्याकरणाची चूक बहुतेक वेळा माहितीचीच चूक ठरते. कविता किंवा ललित लेखात शब्द इकडचा तिकडे झाला तर वाचक सांभाळून घेतो. बातमी वाचून मात्र कुणी पाणी भरून ठेवतो, कुणी माल बाजारात नेतो, कुणी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. म्हणून वाक्य तपासताना ते शुद्ध आहे की नाही एवढेच पाहून थांबू नका, त्यातून वाचकाला नेमके काय कळेल तेही पाहा.

सुरुवात गावाच्या नावापासून करू. ‘सोलापूर’मधला पू दीर्घ. ‘सोलापूरला’ आणि ‘सोलापूरकर’ यांतही दीर्घच. पण ‘सोलापुरात’, ‘सोलापुरातील’, ‘सोलापुरी चादर’ असे लिहिताना तो ऱ्हस्व होतो. शब्दाचे सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी बदललेले रूप, जसे सोलापूर–सोलापुरा) झाले की शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ईकार किंवा ऊकार ऱ्हस्व होतो, असा मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांतला नियम आहे. पोलीस–पोलिसांनी, मजूर–मजुरांना, दूध–दुधाचे, ऊस–उसाची ही त्याचीच रूपे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, म्हणून ‘विद्यापिठात’ चूक आणि ‘विद्यापीठात’ बरोबर. ‘सुताचे दर’ असे लिहायचे, पण ‘सूतगिरणी’ या जोडशब्दात सू दीर्घच राहतो.

क्रियापद कोणाचे?

‘पथकाने सहा दुचाकी जप्त केले’ असे वाक्य सर्रास छापून येते. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ‘जप्त केल्या’ हवे.

त्याहून घातक चूक ‘करून’, ‘करताना’ यांच्या जागेची असते. ‘मद्यप्राशन करून पोलिसांनी चालकाला पकडले’ हे वाक्य पुन्हा वाचा. मराठीत ‘करून’चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच मानला जातो, म्हणजे इथे दारू पोलीस प्यायले. ‘मद्यप्राशन करून गाडी चालवणाऱ्या तरुणाला पोलिसांनी पकडले’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. ‘एसटी-ट्रकची धडक, चालकावर गुन्हा’ या मथळ्यातही तीच गत आहे. कोणत्या चालकावर? दोघांचीही घरे ती बातमी वाचणार असतात.

‘करण्यात आले’ हा प्रेसनोटमधून थेट बातमीत उतरणारा प्रयोग आहे. ‘जुळे सोलापुरात रस्ता खोदण्यात आला’ या वाक्यात रस्ता कोणी खोदला, हेच गळून जाते. महापालिकेने, वीज कंपनीने की खासगी केबलवाल्याने? ते माहीत असेल तर लिहा. नसेल तर आधी विचारा, मग लिहा. कर्ता शोधायला लावणे हाच या प्रयोगावरचा इलाज आहे.

उजनी आणि आकडे

आपल्या जिल्ह्यातली सर्वांत जास्त वाचली जाणारी बातमी भीमेवरच्या उजनी धरणाची, आणि सर्वाधिक गोंधळही तिच्यातच. ‘धरण उणे 50 टक्के’ असे वाचले की नवख्या वाचकाला धरण कोरडे पडले असे वाटते. उजनीची टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. तो 53 टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडा अधिक आहे. त्याखालचा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे पाणी, 63 टीएमसीहून अधिक, म्हणजे उपयुक्त साठ्यापेक्षाही मोठा. उपयुक्त साठा संपून पातळी मृतसाठ्यात उतरली की टक्केवारी उणे होते. त्यामुळे उणे 50 टक्के असतानाही धरणात 36 टीएमसीहून अधिक पाणी असते. टक्केवारीसोबत एकूण साठा टीएमसीत दिला की वाचकाला खरी परिस्थिती समजते. हे एक वाक्य जागेअभावी कधीही कापू नये.

दुसरा घोळ क्युसेक आणि टीएमसी यांचा. टीएमसी म्हणजे साठा, एक अब्ज घनफूट. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला एक घनफूट. ‘धरणात 20 हजार क्युसेक पाणी जमा झाले’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक आहे. तेवढ्या वेगाने पाणी येते किंवा सोडले जाते, साठत नाही. हिशेबाला सोपे जावे म्हणून एवढे लक्षात ठेवा: 11,574 क्युसेकचा विसर्ग सलग 24 तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. भीमाकाठच्या गावांसाठी विसर्गाचा आकडा देताना तो किती वाजताचा आहे, हेही लिहायलाच हवे.

बाजार समितीतल्या कांद्याचेही असेच. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर जाहीर होतात. मथळ्यात मात्र कमाल दर चढतो, जो थोड्याच मालाला मिळालेला असू शकतो. तो वाचून शेतकरी टेम्पो भरतो आणि सर्वसाधारण दराने माल देऊन भाड्याचा हिशेब करत परततो. मथळ्यात सर्वसाधारण दर द्या आणि तो क्विंटलचा की किलोचा हे सोबत लिहा. ‘सुमारे 250 च्या आसपास’मधला एक शब्द काढून टाका.

कोण ते, कोण तो

‘आयुक्तांचा आदेश’ एवढ्याने भागत नाही. शहरात महापालिकेचे आयुक्त आहेत आणि पोलीस आयुक्तही आहेत. पोलीस अधीक्षक ग्रामीणचे, शहराचे नव्हेत.

एकाच बातमीत नगरसेविका ‘म्हणाल्या’ आणि विडी कामगार महिला ‘म्हणाली’ हे मला अजिबात मान्य नाही. प्रौढ माणसाला आदरार्थी बहुवचन द्यायचे असेल तर ते सर्वांना द्या. आपल्या शहरातले निम्मे कष्ट ज्यांच्या हातांनी होतात त्यांना एकवचनात ढकलणे हा भाषेचा नव्हे, आपल्या नजरेचा दोष आहे. आडनावांचेही तसेच. तेलुगू आणि कन्नड आडनावांतली जोडाक्षरे ऐकून अंदाजाने लिहू नका, त्या व्यक्तीला लिहून दाखवा आणि खात्री करा.

गुन्ह्याच्या बातमीत न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत कोणालाही ‘गुन्हेगार’ किंवा ‘चोरटा’ म्हणू नका. तोवर तो संशयित किंवा आरोपी असतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, त्यामुळे त्यानंतरच्या खुनाच्या गुन्ह्यात जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 302 नव्हे, या संहितेचे 103 येते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. नाव वगळून गल्ली, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी ओळख उघड होतेच.

ऑनलाइन बातमीत ‘आज’, ‘काल’ टाळा, वार आणि तारीख लिहा. आणि चूक गेलीच तर मजकूर गुपचूप बदलू नका. काय चुकले होते आणि ते कधी दुरुस्त केले, हे बातमीच्या वरच्या बाजूला लिहा, कारण जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट तोवर गावभर फिरलेला असतो.