स्वतःच्या मापाचा ड्राफ्ट काढताय? या चुका टाळा

टॉप बिघडला की सगळे ड्राफ्टला, म्हणजे मापावरून कागदावर काढलेल्या आकृतीला, दोष देतात आणि नवा कागद पसरतात. बहुतेक वेळा घोटाळा पेन्सिल हातात घेण्याआधीच, टेप धरतानाच झालेला असतो.

स्वतःचं माप स्वतः घेताना आकडा वाचायला मान खाली जाते, पाठ वाकते, मागचा टेप घसरतो. शक्यतो दुसऱ्याकडून घ्या. कोणी नसेल तर आरशासमोर ताठ उभं राहून टेप जुळतो तिथे नखाने चिमटीत धरा, काढा आणि मग वाचा. कंबर कुठे आहे हे अंदाजाने ठरवू नका. इलॅस्टिक बांधून दोन्ही बाजूंना वाका, ते बसेल ती कंबर. आणि पोट आत ओढू नका. कागद विश्वास ठेवतो, शिवण ठेवत नाही.

आता माझी दुखरी नस: छाती भागिले चार. ३८ इंच छाती, म्हणून पुढे साडेनऊ, मागे साडेनऊ. मीही हेच करायचे. एका टॉपला पुढच्या मुंढ्यापाशी (जिथे बाही जोडतात तिथे) चुण्या आणि बाजूची शिलाई पुढे ओढलेली. मी शोल्डर उचलला, तर मुंढा काचायला लागला. मुंढा खोल कापला, तर हात वर केल्यावर अख्खा टॉप वर. तीन ट्रायल पीस (जुन्या कापडावर शिवून बघायचे नमुने) वाया गेल्यावर बाजूच्या शिलाईपासून शिलाईपर्यंत पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं घेतलं. पुढे साडेवीस, मागे साडेसतरा! म्हणजे दुमडलेल्या घडीवर, त्याच्या अर्धं, पुढे सव्वादहा हवे होते, मागे पावणेनऊ. बेरीज तीच ३८, म्हणून कागदावर काहीच चुकलेलं दिसत नव्हतं. तेव्हापासून मी छाती, कंबर, सीट (नितंब) तिन्ही पुढे-मागे वेगळी मोजते. पुढची उंचीही शोल्डरवरून छातीच्या टोकावरून कंबरेपर्यंत घेते. मागच्या उंचीवरून ती काढता येत नाही.

लूझिंग (अंगाच्या मापावर ठेवलेली सैल जागा) आणि शिलाईचं मार्जिन (शिलाईच्या रेघेबाहेर सोडलेलं कापड) एकत्र मिसळू नका. न ताणणाऱ्या कापडाच्या फिटिंगच्या टॉपला छातीत एकूण दोन-तीन इंच लूझिंग मी धरते. मार्जिन नंतर, लाल पेनाने. एकाच रंगात सगळं काढलं की आठवड्याने कुठली रेघ शिलाईची हे तुम्हालाच आठवत नाही.

मुंढा मोजताना टेप कडेवर उभा धरून शिलाईच्या रेघेवरून फिरवा, कापायच्या कडेवरून नाही. घडीपाशी गळ्याची रेघ काटकोनात नसेल तर उघडल्यावर मध्येच टोक येतं. पुढच्या-मागच्या बाजूच्या शिलाया सारख्या लांबीच्या आहेत का, ते टक्स (आकारासाठी घातलेल्या निमुळत्या चिमट्या) मिटवून तपासा. सुती कापड कापण्याआधी धुवा. टेप जुना असेल तर स्टीलच्या पट्टीशी लावून बघा, कापडी टेप ताणतात.

आणि ट्रायल पीस. “थेट चांगल्या कापडावरच कापते, वेळ वाचतो” म्हणणारी नवशिकी मंडळी मला दर महिन्याला भेटतात. मग उसवणीत दोन संध्याकाळी जातात. जुनी चादर चालेल, फक्त जाडी खऱ्या कापडाच्या जवळपासची हवी. मोठे टाके घाला, अंगावर घालून बसा, हात वर करा. चुणी जिकडे बोट दाखवते, तिकडे कापड कमी पडतंय किंवा जास्त झालंय. ती दुरुस्ती आधी कागदावर उतरवा, आणि कागदावर तारीख लिहा. मागच्या वर्षीच्या मापावर यंदा कापड कापू नका.