परदेशातलं स्थानिक डेबिट कार्ड आणि दुकानातला नकार: या चुका टाळा

परदेशात राहायला गेल्यावर बँकेत खातं उघडलं, काही दिवसांनी टपालानं कार्ड आलं आणि ते घेऊन मी आठवड्याचं सामान आणायला गेले. काउंटरवर कार्ड मशीनला टॅप केलं. नकार. पुन्हा टॅप केलं, पुन्हा नकार. मागे रांग होती. खात्यात पैसे आहेत हे पक्कं माहीत असूनही मी गडबडले, सामान तिथेच ठेवलं आणि बाहेर पडले. चार दिवसांनी दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच घडलं. शेवटी बँकेत जाऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. नव्या कार्डाचा पहिला व्यवहार कार्ड मशीनमध्ये घालून आणि पिन टाकून करायचा होता. टॅपची सोय त्यानंतरच चालू होणार होती. कार्डासोबतच्या पत्रात हे छापलेलं होतं, पण ती भाषा मला तेव्हा नीट येत नव्हती, म्हणून पत्र न वाचता ठेवून दिलं होतं.

पुढे नव्यानं आलेल्या कितीतरी जणांबरोबर मी बँकेत गेले. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण सुरुवात एकच: चारचौघांत नकार मिळाला की आपण ओशाळतो आणि कारण न विचारता निघून येतो. मग तीच चूक पुढच्या दुकानात वाट बघत असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

नकार म्हणजे पैसे नाहीत, असं धरून चालणं

नकाराची पावती मागून घ्या. ती देतात, आणि तिच्यावर बऱ्याचदा दोन अंकी कोड असतो. कार्ड व्यवहारांच्या या कोडांना जगभर साधारण एकच अर्थ आहे. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे चुकीचा पिन टाकण्याच्या संधी संपल्या. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ६१ म्हणजे तुमची दिवसाची मर्यादा ओलांडली गेली. ९१ म्हणजे बँकेची यंत्रणा त्या क्षणी उत्तर देत नव्हती. अशा वेळी थोड्या वेळानं तेच कार्ड चालतं. सगळ्यात जास्त छळतो तो ०५. बँकेनं नकार दिला, कारण सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. इथे दुकानदार काहीच करू शकत नाही, फोन बँकेलाच करावा लागतो. फोनवर "कार्ड चालत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा "०५ आला, अमुक वेळ, अमुक रक्कम" असं सांगितलं तर समोरच्याला शोधायला सोपं जातं.

यांत ६१ नव्या लोकांना हमखास गाठतो. घर लावायचं असतं, गादी, टेबल, फ्रिज एकाच दिवशी घेतलं जातं, आणि कार्डाची रोजची खरेदी-मर्यादा किती आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. ही मर्यादा एटीएमच्या मर्यादेहून वेगळी असते. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ती वाढवता येते. मोठ्या खरेदीच्या आदल्या दिवशी वाढवा आणि काम झालं की खाली आणा.

कार्ड कोणत्या जाळ्यावर चालतं हे न बघणं

माझ्या मते मुळातली चूक ही आहे. "डेबिट कार्ड" हा शब्द सगळीकडे सारखा असला तरी दुकानातलं मशीन ओळखतं ते कार्डावरचं चिन्ह, म्हणजे व्यवहार ज्या यंत्रणेतून जातो ते जाळं (नेटवर्क). अनेक देशांत व्हिसा आणि मास्टरकार्डच्या जोडीला स्वतःचं राष्ट्रीय जाळं आहे. जर्मनीत गिरोकार्ड, कॅनडात इंटरॅक, बेल्जियममध्ये बँकॉन्टॅक्ट, डेन्मार्कमध्ये डानकोर्ट, ऑस्ट्रेलियात एफ्टपॉस, सिंगापुरात नेट्स, सौदी अरेबियात मदा, कुवेतमध्ये के-नेट. दुकानदाराला आपलं स्थानिक जाळं सहसा स्वस्त पडतं, म्हणून काही छोटी दुकानं तेवढंच घेतात.

जर्मनीतला घोळ तर ठरलेलाच. दारावर "ईसी कार्ड चालेल" अशी पाटी असते. ईसी हे जुनं नाव; २००७ पासून त्या व्यवस्थेचं नाव गिरोकार्ड आहे, पण लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. नव्या ऑनलाइन बँकांचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड डेबिट घेऊन आलेल्या माणसाला वाटतं, आपलंही डेबिटच की. पण अशा काही दुकानांत ते चालत नाही, आणि खात्यात कितीही पैसे असले तरी फरक पडत नाही. खातं उघडतानाच विचारा: या कार्डावर स्थानिक जाळं आहे का? नसेल तर ते असलेलं कार्ड वेगळं मागवता येईल का, आणि त्याला शुल्क किती?

युरोपात माएस्ट्रोचं (हा मास्टरकार्डचाच डेबिट कार्डाचा प्रकार) चिन्ह असलेलं जुनं कार्ड कुणाकडे असेल तर त्याची मुदत बघून ठेवा. मास्टरकार्डनं १ जुलै २०२३ पासून तिथे नवी माएस्ट्रो कार्डं देणं थांबवलं. आधीची कार्डं मुदत संपेपर्यंत चालतात, बदली मात्र वेगळ्या प्रकारची येते, आणि ओळखीच्या दुकानात ती चालेलच असं धरू नका.

एकाच कार्डावर दोन चिन्हं असतील तर युरोपीय संघात २०१५ च्या नियमानं निवड ग्राहकाची आहे. दुकानाचं मशीन आधीच एक जाळं सुचवू शकतं, पण तुम्ही दुसरं मागितलं तर ते द्यावं लागतं.

"क्रेडिट" बटणाला घाबरणं

ऑस्ट्रेलियात कार्ड मशीनमध्ये घातलं की पडदा विचारतो: चेक (म्हणजे चालू खातं), सेव्हिंग्ज की क्रेडिट? अमेरिकेतही कॅशियर विचारतो, डेबिट की क्रेडिट? डेबिट कार्डवाला "क्रेडिट" म्हणायला कचरतो, कर्ज होईल या भीतीनं. तसं होत नाही. पैसे तुमच्याच खात्यातून जातात, फक्त व्यवहार व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या वाटेनं जातो. "डेबिट", "चेक" किंवा "सेव्हिंग्ज" निवडलं की तो पिनच्या, स्थानिक जाळ्याच्या वाटेनं जातो. एक वाट अडली तर दुसरी वापरून बघा; कितीदा तरी एवढ्यानंच काम होतं. मात्र कार्डाला सेव्हिंग्ज खातं जोडलेलंच नसेल आणि तुम्ही ते बटण दाबलं, तर नकार येणारच.

काही देशांत कार्डानं पैसे देण्यावर दुकानदार जादा आकार लावू शकतो आणि तो जाळ्याप्रमाणे बदलू शकतो. काउंटरवरची छोटी पाटी वाचा. युरोपीय संघात ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवर असा आकार लावायला १३ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे.

रोज टॅप करून पिन विसरणं

टॅपला मर्यादा असते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार एका वेळी जास्तीत जास्त ५० युरो पिनशिवाय जातात. शिवाय असे लागोपाठ ५ व्यवहार झाले किंवा एकूण १५० युरो झाले (यांतलं एक बँक निवडते) की पुढच्या वेळी पिन मागितला जातो. म्हणून सहाव्या दुकानात अगदी छोट्या खरेदीला कार्ड अडतं आणि माणूस गोंधळतो. कार्ड मशीनमध्ये घाला, पिन टाका, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. फोननं पैसे देताना बोटाचा ठसा किंवा चेहरा ही ओळख पटवलेली असते, म्हणून तिथे ही मर्यादा सहसा आड येत नाही.

पण फोनवरच विसंबून महिनोन् महिने पिन न वापरणारे लोक पिन विसरतात. सहसा तीनदा चुकला की पिन बंद पडतो. दोनदा चुकला तर तिथेच थांबा, तिसरा अंदाज बांधू नका. ॲपमध्ये पिन बघायची सोय असेल तर तो बघा, नसेल तर बँकेला विचारा. ब्रिटनसारख्या ठिकाणी बंद पडलेला पिन एटीएमवर जाऊन पुन्हा चालू करता येतो. काही बँका नवा पिन टपालानं पाठवतात आणि त्यात आठवडा जातो.

मशीनची भाषा येत नसेल तर रंग बघा: हिरवं म्हणजे पुढे चला, पिवळं म्हणजे चुकलेला आकडा पुसा, लाल म्हणजे व्यवहार रद्द. आकडा पुसायला लाल दाबून व्यवहारच रद्द करणारे मी पुष्कळ पाहिलेत. आणि पाकीट तसंच मशीनला टेकवू नका. आत दोन कार्डं असली तर मशीन गोंधळतं किंवा भलत्याच कार्डातून पैसे घेतं.

ॲपमधली शिल्लक म्हणजे हातातले पैसे, असं समजणं

डेबिट कार्डात घरभाड्याचे आणि भाजीचे पैसे एकाच खात्यात असतात, म्हणून इथली चूक सर्वांत जास्त टोचते.

पेट्रोल पंपावर मशीनला कार्ड दाखवून स्वतः इंधन भरताना, किती भरणार हे पंपाला आधी ठाऊक नसतं. म्हणून तो एक मोठी ठरावीक रक्कम आधी अडकवून ठेवतो. तुम्ही थोडंच भरलं तरी ती रक्कम काही तास, कधी काही दिवस सुटत नाही. हॉटेल आणि भाड्याची गाडी यांतही तसंच, आणि तिथली रक्कम अनामतीची असल्यानं बरीच मोठी असते. पैसे कापलेले नसतात, पण वापरताही येत नाहीत. त्याच दिवशी भाडं जायचं असेल तर ते परत फिरतं आणि वर दंड बसतो. पंपावर शक्य असेल तर आत काउंटरवर पैसे द्या, म्हणजे नेमकी रक्कम जाते. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड असेल तर तेच वापरा. भाडं ज्या खात्यातून जातं त्याचं कार्ड अशा कामाला काढूच नका, असं मी कळकळीनं सांगेन.

ॲपमध्ये दोन आकडे असतात: खात्यातली शिल्लक आणि वापरता येण्याजोगी शिल्लक. दुकानात जाताना दुसरा बघायचा.

अमेरिकेत खातं उघडताना "ओव्हरड्राफ्ट हवा का?" असं विचारतात. शिल्लक संपल्यावरही कार्ड चालू राहावं आणि त्याचं शुल्क द्यावं, याला ती संमती असते. २०१० पासून एटीएम आणि दुकानातल्या एकेका कार्ड-व्यवहारासाठी ही संमती घेतल्याशिवाय बँकेला ते शुल्क लावता येत नाही. समजून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

जर्मनीत आणखी एक प्रकार भेटतो. काही दुकानांत पिनऐवजी पावतीवर सही मागतात. तिथे व्यवहार होताना बँकेला विचारलंच जात नाही. दुकान नंतर तुमच्या खात्यातून पैसे ओढून घेतं. एक-दोन दिवसांनी शिल्लक नसेल तर ती ओढणी परत फिरते आणि तिचं शुल्क तुमच्यावर येतं.

नकार दिसला म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे देणं

मशीन मध्येच अडकलं, कॅशियर म्हणाला "झालं नाही", आणि फोनवर मात्र पैसे गेल्याचा संदेश आला. अशा वेळी नकाराची पावती हातात आल्याशिवाय रोख देऊ नका. पैसे नुसते अडकले असतील तर ते बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात. नाही सुटले, तर ती पावती हाच तुमचा पुरावा.

पत्ता, फोन आणि निवास परवाना बँकेला न कळवणं

घर बदललं, बँकेला सांगितलं नाही, आणि नवं कार्ड जुन्या पत्त्यावर गेलं. पत्रपेटीवर तुमचं नाव नसलं तर काही देशांत पोस्टमन पत्र परत नेतो. भाड्यानं खोली घेऊन राहणाऱ्यांनी घरमालकाला सांगून आपलं नाव तिथे लावून घ्यावं. कार्डावर छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कार्ड चालतं, पण महिनाभर आधी नवं आलं नाही तर चौकशी करा. सिम बदललं तर नंबर लगेच कळवा, नाहीतर ओटीपी कुणा दुसऱ्याच्या फोनवर जाईल. निवास परवान्याची मुदत संपली की काही बँका नवा कागद मिळेपर्यंत खात्यावर निर्बंध आणतात. दुकानातल्या अचानक ०५ मागे मी हे कारण एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

हरवलेलं कार्ड "सापडेल" म्हणून थांबणं

ॲपमध्ये तात्पुरतं गोठवायची सोय असेल तर ते त्याच क्षणी करा, मग शोधा. उशिराची किंमत कायद्यात लिहिलेली आहे. अमेरिकेत हरवल्याचं कळल्यापासून कामकाजाच्या २ दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर येतात, त्यानंतर ५०० डॉलरपर्यंत. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांतही कळवलं नाही, तर त्यानंतरच्या नुकसानीला वरची मर्यादाच राहत नाही. युरोपीय संघात कळवण्याआधीच्या नुकसानीत तुमचा वाटा ५० युरोपर्यंत असतो, ब्रिटनमध्ये ३५ पौंडांपर्यंत. पण कार्डासोबत पिन लिहून ठेवला असेल तर हे संरक्षण जाऊ शकतं.

जर्मनीत कार्ड बंद करायचा फोन ११६ ११६. तिथे पोलिसांतही तक्रार करा आणि कार्ड हरवलेल्या-चोरलेल्या कार्डांच्या "कुनो" यादीत टाकायला सांगा. बँकेनं कार्ड बंद केल्यानं वर सांगितलेले सहीवाले व्यवहार थांबत नाहीत, कारण ते बँकेला विचारतच नाहीत. दुकानं ही यादी बघतात.

देश सोडताना खातं घाईनं बंद करणं

वस्तू परत केली की रिफंड ज्या कार्डानं पैसे दिले त्यावरच येतो, आणि त्याला बरेच दिवस लागू शकतात. खातं आधीच बंद झालं असेल तर ते पैसे दुकान आणि बँक यांच्यामध्ये अडकतात, आणि दुसऱ्या देशातून त्यांचा पाठपुरावा करणं फार जिकिरीचं होतं. निघण्याच्या महिनाभर आधी त्या कार्डानं परत करण्याजोगी खरेदी थांबवा. घराची अनामत, विजेचा हिशेब आणि अडकलेली प्रत्येक रक्कम जमा झाल्याचं स्टेटमेंटमध्ये बघा, ते स्टेटमेंट उतरवून ठेवा आणि मगच बंद करण्याच्या अर्जावर सही करा.